ज्यू असाल तर रांगेतून पुढे या

एक फॉरवर्ड आहे, तुम्हालाही कधीतरी आला असेल. अमेरिकन सार्जंट, जर्मन मेजर, कपाळाला लावलेलं पिस्तूल, आणि "आम्ही सगळेच ज्यू आहोत" हे वाक्य. खाली हात जोडलेले दोन-चार इमोजी. आपल्या ग्रुपांवर येणाऱ्या दहातल्या नऊ गोष्टी कुणीतरी घरी बसून रचलेल्या असतात पण ही खरी आहे, पूर्ण खरी. फक्त ती पिस्तुलापाशी येऊन संपते याचा मला फार त्रास होतो. कारण ज्या कॅम्पातून तो सार्जंट आला होता त्याच कॅम्पातून पुढच्या दोन आठवड्यांत आणखी एक गाडी निघाली, तिच्यात साडेतीनशे जण होते, आणि त्यांचा फॉरवर्ड काही कुणी करत नाही.

सार्जंटचं नाव रॉडी एडमंड्स. टेनेसीमधल्या नॉक्सव्हिलचा, वय २५, मास्टर सार्जंट. त्याची १०६ वी डिव्हिजन म्हणजे नवी कोरी पोरं, डिसेंबर १९४४ मध्ये बेल्जियम आणि जर्मनीच्या सीमेवर आर्डेन्सच्या जंगलात आणून बसवली, का तर तो पट्टा शांत आहे, जरा रुळतील. आठवडा होतोय न होतोय तोच १६ डिसेंबरला हिटलरने आपला शेवटचा मोठा हल्ला नेमका तिथूनच सोडला. १९ तारखेला डिव्हिजनच्या दोन रेजिमेंट वेढ्यात सापडून शरण आल्या, सहा हजारांच्या वर माणसं. मग बर्फातून पायी चालवणं, मग मालगाडीच्या डब्यांत उभं कोंबणं, कित्येकांचा ख्रिसमस त्या डब्यांतच गेला, पाणी नाही, संडास नाही, आणि वरून आपल्याच बाजूच्या विमानांचे बॉम्ब.

उतरवलं बाड ऑर्ब नावाच्या गावाजवळच्या कॅम्पात, स्टालाग नऊ-बी. तिथून जानेवारीच्या शेवटी सार्जंट, कॉर्पोरल वगैरे पट्टीवाले वेगळे काढून झीगेनहाइनच्या स्टालाग नऊ-ए मध्ये हलवले. साधे शिपाई बाड ऑर्बलाच राहिले. ही वाटणी लक्षात ठेवा.

झीगेनहाइनला पोचल्यावर एक-दोन दिवसांतच संध्याकाळी लाउडस्पीकरवर ऑर्डर झाली की उद्या सकाळच्या हजेरीला फक्त ज्यू कैद्यांनी बाहेर यायचं. कॅम्पातल्या अमेरिकन कैद्यांत हुद्द्याने सगळ्यात वरचा एडमंड्स, त्यामुळे जबाबदारी त्याची. त्याने रात्रीच सगळ्या बराकींत निरोप फिरवला की उद्या आपण सगळे बाहेर उभे राहायचं, झाडून सगळे. सकाळी मेजर येऊन बघतो तर जवळपास १२७५ माणसं रांगा लावून उभी. त्यातले ज्यू असतील दोनशेच्या आसपास. मेजर भडकला, म्हणाला हे सगळे ज्यू असूच शकत नाहीत. त्यावर ते वाक्य, मग पिस्तूल, आणि मग एडमंड्सने जे सांगितलं ते मला त्या वाक्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. साधारण असं की जिनिव्हा कराराप्रमाणे (युद्धकैद्यांना कसं वागवायचं ते ठरवणारा १९२९ चा करार) आम्ही फक्त नाव, हुद्दा आणि नंबर सांगायला बांधील आहोत, मला गोळी घातलीत तर सगळ्यांनाच घालावी लागेल, आणि युद्ध संपल्यावर तुमच्यावर खटला चालेल. मेजरने पिस्तूल खाली केलं आणि निघून गेला.

आता यातलं धैर्य कमी करायचा माझा अजिबात हेतू नाही. कपाळाला लोखंड टेकलेलं असताना कलम आठवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पण ती धमकी लागू का पडली? कारण जानेवारी १९४५ होता. रशियन पूर्वेकडून आत घुसले होते, मेजरला दिसत होतं की चार-सहा महिन्यांत कदाचित आपणच कुणाचे तरी कैदी असू. शिवाय अमेरिकेत त्या वेळी पावणेचार लाखांच्या आसपास जर्मन युद्धकैदी होते, शेतांवर कामं करत होते, खाऊनपिऊन बरे होते. म्हणजे एडमंड्सच्या पाठीमागे १२७५ माणसं तर होतीच, पण त्यांच्याही मागे एक अख्खं सरकार उभं होतं ज्याच्या हातात जर्मनांची पोरं होती. मेजरला ते न सांगता कळत होतं. हाच प्रसंग १९४१ च्या ऑगस्टमध्ये युक्रेनमधल्या एखाद्या कॅम्पात रशियन सार्जंटने केला असता तर त्याचं काय झालं असतं हे सांगायला कुणी जाणकार लागत नाही.

असो, बाड ऑर्ब.

तिथेही तेच झालं, ज्यूंनी पुढे या. तिथल्या कैद्यांनी आपला प्रतिनिधी निवडला होता, हान्स कास्टेन, मिलवॉकीचा, घराणं मूळ जर्मन, त्यामुळे जर्मन अस्खलित. त्याला सांगितलं ज्यूंची यादी दे. तो म्हणाला आम्ही सगळे अमेरिकन आहोत, यादी-बिदी नाही. त्याला बडवला. मग धमक्या सुरू झाल्या, नंतर उघडकीला आलात तर बघा म्हणून, आणि काही जण पुढे आले, काहींना दुसऱ्यांनी ढकललं, काहींच्या गळ्यातल्या बिल्ल्याने सांगितलं.

या बिल्ल्याबद्दल सांगायलाच हवं. अमेरिकन सैनिकाच्या गळ्यात साखळीत दोन पत्रे असायचे, डॉग टॅग. नाव, नंबर, रक्तगट आणि कोपऱ्यात एक अक्षर, प्रोटेस्टंटाला पी, कॅथलिकाला सी आणि ज्यूला एच, हिब्रूचा एच. हेतू चांगला होता हो, मेला तर कुठल्या धर्माच्या माणसाने प्रार्थना म्हणायची ते कळावं. पण जर्मनांच्या हाती लागायची वेळ आली की तेच अक्षर गळफास. त्यामुळे शरण जायच्या आधीच्या त्या काही मिनिटांत, आजूबाजूला रायफली मोडून टाकणं चाललंय, कागद जाळणं चाललंय, आणि एक एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा हातात तो पत्रा धरून विचार करतोय. फेकला तर आपण कोण याचा पुरावा गेला, उद्या हेर म्हणून भिंतीला उभं करतील, मेलो तर आईला कळणार नाही. ठेवला तर कोपऱ्यातलं ते अक्षर. कुणी बर्फात पुरला, कुणी बुटात सारला, कुणी मेलेल्या ख्रिस्ती मित्राचा घातला, आणि कुणी हट्टाने ठेवला की माझ्या बापाने दिलेलं नाव आहे, काय करायचं ते करा. यातलं कुठलंही शहाणपणाचं आणि कुठलंही मूर्खपणाचं ठरू शकत होतं, कारण पुढे कोण भेटणार हे कुणालाच माहीत नव्हतं. ब्रिटिशांच्या बिल्ल्यावरही धर्म असायचाच आणि तिकडे कित्येक ज्यू पोरांनी आधीच तो बदलून घेतला होता.

तर फेब्रुवारी १९४५ मध्ये बाड ऑर्बमधून ३५० जणांची गाडी भरली. त्यात ज्यू साधारण ऐंशी. बाकीचे कोण, तर "त्रास देणारे", चेहऱ्याने किंवा नावाने ज्यू वाटणारे, आणि आकडा भरायला म्हणून उचललेले. कास्टेनही त्यात. पाच दिवसांनी गाडी थांबली ती बेर्गा नावाच्या गावात. एल्स्टर नदीकाठचं छोटं गाव, आणि तिथे बूखेनवाल्ड छळछावणीची शाखा. म्हणजे युद्धकैदी म्हणून पकडलेली माणसं सरळ छळछावणीच्या कामाला जुंपली. डोंगरात सतरा बोगदे खणायचे होते, आत जमिनीखाली कृत्रिम पेट्रोलचा कारखाना घालायचा होता. सुरुंग उडाला की धूळ बसायच्या आत यांना आत पाठवायचे, पाटीच्या दगडाची ती धूळ, तोंडाला फडकं नाही. दगड फोडायचे, ढकलगाडीत भरायचे, नदीपाशी ओतायचे. हे बहुतेक शिपाईच होते म्हणून, बरं का. करारात सार्जंटांना जबरदस्तीने कामाला लावता येत नाही असं होतं. दंडावर पट्ट्या असलेला झीगेनहाइनला गेला आणि एडमंड्सच्या मागे उभा राहिला, पट्ट्या नसलेला बेर्ग्याच्या बोगद्यात. त्यातली कित्येक माणसं त्याच डिव्हिजनची, तशाच मालगाड्यांतून आलेली.

त्या ३५० मध्ये एक मेडिक होता, अँथनी असेवेडो. ज्यू नव्हता, मेक्सिकन आईबापांचा कॅथलिक पोरगा, कॅलिफोर्नियाचा. त्याच्याकडे एक छोटी डायरी आणि फाउंटन पेन होतं. तो लिहीत राहिला. रोज काय खायला मिळालं, आणि कोण मेलं. नाव, कैदी नंबर, तारीख, कशाने. शाई संपत आली की त्यात बर्फाचं पाणी नाहीतर लघवी मिसळून ती पातळ करायचा आणि पुरवायचा, डायरी पँटमध्ये लपवायचा. भावनेचं फारसं काही नाही त्यात, म्हणजे मेडिक जशी नोंद ठेवतो तशी नोंद. पाव मिळायचा त्यात लाकडाचा भुसा असायचा. मेडिक म्हणून त्याच्याकडे औषध काय, तर काहीही नाही. मला राहून राहून वाटतं की त्याच्या हातात करण्यासारखं एवढंच उरलं होतं, की हा माणूस इतक्या तारखेपर्यंत जिवंत होता हे कुठेतरी लिहून ठेवणं.

एप्रिलमध्ये अमेरिकन फौजा जवळ आल्या तेव्हा त्यांना सोडून द्यायचं की नाही, तर नाही, बाहेर काढून दक्षिणेकडे चालवत नेलं. जे बोगद्यात वाचले त्यातले बरेच रस्त्यात पडले. २३ एप्रिलच्या सुमाराला अमेरिकन रणगाडे त्यांना गाठेपर्यंत ३५० पैकी किमान सत्तर जण गेले होते. अडीच महिन्यांत, पाचातला एक. युद्ध संपायला दोन आठवडे उरले होते.

आता या सगळ्याच्या बाजूला दुसऱ्या वर्दीतले ज्यू ठेवून बघा, मी काय म्हणतेय ते कळेल.

इमॅन्युएल लेव्हिनास हा तत्त्वज्ञ, जन्म लिथुआनियाचा, फ्रेंच नागरिक झालेला, १९४० मध्ये फ्रेंच सैन्यात असताना पकडला गेला आणि पुढे जर्मनीत फालिंगबॉस्टेलजवळ लाकूडतोडीच्या टोळीत होता. ज्यू कैद्यांची वेगळी टोळी, सत्तर-एक जण, आणि टोळीचा नंबर १४९२. हे स्पेनने ज्यूंना हाकलून दिलं तेच वर्ष, योगायोगच तो. त्याने नंतर लिहिलंय की फ्रेंच गणवेशाने आम्हाला वाचवलं. जंगलातून कामावरून परत येताना गावातले लोक यांच्याकडे बघायचे ते माणसाकडे बघतात तसे नाही. आणि मग कुठून तरी एक भटका कुत्रा येऊन कॅम्पात राहिला, कैद्यांनी त्याचं नाव ठेवलं बॉबी. सकाळी हजेरीला हजर, संध्याकाळी टोळी परतली की उड्या मारत, भुंकत स्वागत. त्याच्या लेखी ही माणसं होती, प्रश्नच नव्हता. काही आठवड्यांनी पहारेकऱ्यांनी त्याला हाकलून दिलं. लेव्हिनासने लिहिलं की नाझी जर्मनीतला तो शेवटचा कांटवादी होता, म्हणजे माणसाला माणूस म्हणून मान द्या सांगणाऱ्या कांट या जर्मन तत्त्वज्ञाचा शेवटचा अनुयायी. तत्त्वज्ञाने एका कुत्र्याला इतकं मोठं सर्टिफिकेट दिल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. त्याच वेळी तिकडे लिथुआनियात त्याचे आईवडील आणि भाऊ मारले गेले. ते नागरिक होते, अंगावर कुठलीच वर्दी नव्हती. जर्मनीच्या पोटात, जर्मन बंदुकीच्या टप्प्यात राहिलेला मुलगा वाचला, आणि घरी राहिलेले गेले.

त्याहून विचित्र गोष्ट पॅलेस्टाइनच्या ज्यूंची. तेव्हा इस्रायल नव्हतं, ब्रिटिशांचा अंमल होता, आणि तिथले बरेच ज्यू ब्रिटिश सैन्यात पायोनियर म्हणून भरती झाले होते, म्हणजे रस्ते बांधणं, सामान उतरवणं वगैरे. ग्रीसमधून ब्रिटिश माघार घेत होते तेव्हा एप्रिल १९४१ च्या शेवटी कालामाटाच्या बंदरात जहाजं पुरली नाहीत, आणि जे किनाऱ्यावर राहिले त्यात हे जवळपास दीड हजार जण. यातले कित्येक मूळचे जर्मनी-ऑस्ट्रियाचेच, हिटलर आल्यावर जीव घेऊन पॅलेस्टाइनला पळालेले. आणि आता पुन्हा त्याच हिटलरच्या हातात! त्यांना नेलं लाम्सडॉर्फच्या कॅम्पात, सिलेशियात, आज पोलंडमध्ये येतं ते. सगळ्यांनी धरून ठेवलं एकच, की आम्ही ब्रिटिश सैनिक आहोत, इतर ब्रिटिशांसारखंच वागवा, वेगळी खूण-बिण लावणार नाही. आणि जर्मनांनी ते बरंचसं मानलं! यांना रेडक्रॉसची पार्सलं मिळत होती, त्यात चॉकलेट, सिगरेटी, चहा. घरी पत्रं जात होती. कॅम्पाबाहेर कोळशाच्या खाणींवर कामाला नेलं की वाटेत पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यातली हाडं झालेली माणसं दिसायची, आणि ती यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत बोलायची. तारेच्या अलीकडे ज्यू, पलीकडे ज्यू, भाषा एक, कदाचित गावही एक, आणि अलीकडच्याच्या खिशात चॉकलेट. यांचा पुढारी होता योसेफ आल्मोगी, पुढे इस्रायलमध्ये मंत्री झाला, हैफाचा महापौर झाला. पकडला गेलेला इत्झाक बेन-अहारोनही पुढे मंत्री झाला. ती माणसं परत आली, म्हातारी झाली, राजकारणात भांडली.

पोलंडच्या ज्यू सैनिकांमागे मात्र देशच उरला नव्हता. १९३९ मध्ये पोलंड कोसळल्यावर साधे ज्यू शिपाई वेगळे काढले, बऱ्याच जणांचा युद्धकैदी हा दर्जाच काढून घेतला आणि घेट्टोंकडे, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्त्यांकडे पाठवलं. लुब्लिनमध्ये लिपोवा रस्त्यावर एक कॅम्प होता, तिथे पोलिश वर्दीतले दोन-अडीच हजार ज्यू कैदी ठेवले होते. ते शेवटपर्यंत सांगत राहिले की आम्ही सैनिक आहोत, आम्हाला करार लागू आहे. ३ नोव्हेंबर १९४३ ला त्यांना माइदानेकच्या छळछावणीत नेऊन मारलं. आणि याच पोलिश सैन्यातले ज्यू अधिकारी, जे अधिकाऱ्यांच्या कॅम्पात होते, ते बहुतेक वाचले. जर्मन लष्कराला अधिकारी म्हणजे अधिकारी, तिथे त्यांची जुनी शिस्त आडवी आली असावी. मला यातलं काहीही तर्कात बसवता येत नाही आणि बसवायची घाईही नाही.

आणि सोव्हिएत. इथे आकडेच बोलतात. साधारण ५७ लाख सोव्हिएत सैनिक जर्मनांनी पकडले, त्यातले ३३ लाखांच्या आसपास मेले, भुकेने, थंडीने, गोळीने. ज्यूंना तर भुकेने मरायचीही मुभा नव्हती. १७ जुलै १९४१ ला नाझी सुरक्षा यंत्रणेचा प्रमुख हायड्रिख याची ऑर्डर निघाली की कॅम्पांतून राजकीय अधिकारी, ज्यू वगैरे निवडून काढा, आणि निवडून काढणं म्हणजे मारणं. रशियाने १९२९ च्या करारावर सही केली नव्हती, हे निमित्त. करार लागू नसला तरी युद्धकैद्यांबद्दलचे आंतरराष्ट्रीय कायद्याचे साधे नियम लागू आहेतच, असं जर्मन लष्कराच्याच हेरखात्याचा प्रमुख कानारिस याने लिहून कळवलं होतं, त्याला वरून उत्तर आलं की या जुन्या शिव्हल्रीच्या, म्हणजे सभ्यपणे लढायच्या कल्पना इथे चालणार नाहीत. कैद्यांना रांगेत उभं करून पँट खाली करायला लावायची. सुंता झालेला दिसला की बाजूला. यात मध्य आशियातले, कॉकेशसमधले कित्येक मुसलमान सैनिक ज्यू समजून मारले गेले, शेवटी वरूनच सूचना काढावी लागली की सुंता हा एकटा पुरावा धरू नका, मुसलमानांतही असते. इतकी सोवळी-ओवळी पाळत माणसं मारणारी ती यंत्रणा!

यातूनही अलेक्सांदर पेचेर्स्की वाचला. ऑक्टोबर १९४१ मध्ये पकडला गेला, ज्यू असल्याचं लपवलं, पळायचा प्रयत्न केला, पकडला गेला, आणि मिन्स्कला तपासणीत सुंता उघड झाली. तळघरात कोंडला, मग कामाच्या छावणीत, मग सप्टेंबर १९४३ मध्ये गाडीत घालून सोबिबोर. सोबिबोर म्हणजे नुसती मारायची जागा. गाडीतल्या दोनेक हजारांतून ऐंशीच्या आसपास कामाला ठेवले, बाकी त्याच दिवशी संपले. आतल्या ज्यूंनी पळायचे बेत आधीपासून केले होते, पण त्यांच्यात लष्करी अनुभव असलेलं फारसं कुणी नव्हतं. आता ही सोव्हिएत सैनिकांची टोळी आली आणि तीन आठवड्यांत बेत पक्का झाला. एसएसच्या, म्हणजे छावणी चालवणाऱ्या नाझी दलाच्या माणसांना नवा कोट मापाला बघायला शिंप्याकडे बोलवायचं, नवे बूट घालून बघायला चांभाराकडे, एकेकाला, वेळ ठरवून, आणि आत कुऱ्हाड घेऊन माणूस लपलेला. जर्मन वेळ पाळतात यावर अख्खा बेत बेतलेला होता, आणि ते वेळेवर आले. १४ ऑक्टोबर १९४३. जवळपास तीनशे कैदी तारेबाहेर पडले, युद्ध संपेपर्यंत त्यातले पन्नासएक उरले. ज्यांना वर्दी वाचवू शकली नाही त्यांना निदान वर्दीतलं शिक्षण उपयोगी पडलं.

आणि घरी काय वाट बघत होतं? स्टालिनच्या लेखी शरण गेलेला सैनिक म्हणजे गद्दार. पेचेर्स्कीला शिक्षेच्या पलटणीत पाठवलं, जखमी होऊन आला. नंतर ज्यूंविरुद्धच्या मोहिमेत नोकरी गेली. १९९० मध्ये रोस्तोवला वारला, रशियाने पदक दिलं २०१६ मध्ये.

अमेरिकनांचंही फार वेगळं नाही, फक्त तऱ्हा वेगळी. असेवेडोला सुटल्यावर एका कागदावर सही करायला लावली, कैदेत काय झालं ते बोलणार नाही म्हणून. त्याने डायरी घरी ठेवून दिली, कित्येक वर्षं गप्प. ती आता वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट म्युझियममध्ये आहे. अमेरिकन लष्कराने बेर्ग्याच्या माणसांची अधिकृत दखल घेतली ती २००९ मध्ये, तोवर त्यातले किती उरले होते! बेर्ग्याचे दोन मुख्य, मेट्झ आणि मेर्झ, यांना खटल्यात फाशी झाली होती, ती कमी केली आणि पन्नाशीच्या दशकात दोघे सुटलेसुद्धा. जर्मनीची आता रशियाविरुद्ध गरज होती ना. एडमंड्सने मेजरला दिलेली खटल्याची धमकी आठवा आणि मग हे वाचा.

एडमंड्सने स्वतःही घरी काही सांगितलं नाही. १९८५ मध्ये गेला. मुलगा पाद्री, त्याला बापाची जुनी वही मिळाली, त्यात कैदेतल्या मित्रांची नावं-पत्ते, पण प्रसंग नाही. मग वर्तमानपत्रातल्या एका जुन्या लेखात त्याला बापाचं नाव सापडलं, आणि लेख कशावर, तर माजी राष्ट्राध्यक्ष निक्सनने न्यूयॉर्कमध्ये घेतलेल्या घरावर! घर विकणारा वकील लेस्टर टॅनर त्या १२७५ मधला ज्यू कैदी होता आणि बोलता बोलता सार्जंटचं नाव घेऊन गेला होता. तिथून धागा लागला आणि २०१५ मध्ये याद वाशेमने, म्हणजे इस्रायलमधल्या ज्यू हत्याकांडाच्या स्मारक-संस्थेने एडमंड्सला गौरवलं, असा मान मिळालेला तो पहिला अमेरिकन सैनिक. निक्सनला घर नको असतं तर हा फॉरवर्ड आपल्याला आलाच नसता.

माझं माहेर अलिबागकडचं, त्यामुळे ज्यू म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पोलंड नाही येत, शनवार तेली येतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, घरात मराठी बोलणारे, आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर. आणि या बेने इस्रायलींतली कितीतरी घरं कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत होती, तेव्हा त्यांच्यातही युद्धकैदी झालेच. दिवे आगरवरून आडनाव घेतलेले सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युअल इझिकेल, दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात टिपूच्या कैदेत पडले. समाजात सांगतात ती कथा अशी की मरणाची शिक्षा होणार होती, त्याआधी कुणीतरी विचारलं तुम्ही कोण, तर यांनी सांगितलं बेने इस्रायल. टिपूच्या आईने ते ऐकलं, कुराणात ज्यांचं नाव येतं ते हे लोक खरंच आहेत म्हणून तिला नवल वाटलं आणि तिने रदबदली करून जीव वाचवला. आईचा भाग कितपत खरा ते सोडून द्या, अशा कथांत दयाळू राजमाता येतेच. पण दिवेकर सुटून मुंबईला आले आणि १७९६ मध्ये त्यांनी शार हरहमीम बांधली, दयेचं दार, मुंबईतलं पहिलं सिनेगॉग. बेने इस्रायली तिला जुनी मशीदच म्हणायचे. मांडवीतली सॅम्युअल स्ट्रीट यांच्याच नावाची, मसाल्यांच्या बाजारात गेलात तर त्याच रस्त्याने हमालांच्या हातगाड्या चुकवत जावं लागतं. पुढच्याच वर्षी सिनेगॉगसाठी तोराह, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ आणायला कोचीनला गेले आणि तिकडेच वारले.

प्रश्न तोच, तुम्ही कोण. टिपूच्या श्रीरंगपट्टणला त्याच्या उत्तराने माणूस सुटला असं निदान त्यांच्या घरात दोनशे वर्षं सांगतात, बाड ऑर्बला त्याच उत्तराने बोगद्यात गेला. उत्तरात काही फरक नाही हो, विचारणाऱ्याच्या मनात आधीच काय ठरलेलं आहे त्यात आहे. आणि ते ठरलेलं बदलायला भाग पाडणारं कुणी तुमच्या मागे आहे का, यात.

आणि कधी कधी विचारणाराच ज्यू असतो, तेही सांगून टाकते. कलकत्त्याच्या बगदादी ज्यू घरातला जेकब नावाचा मुलगा १९४२ मध्ये सैन्यात गेला, युरोपात ज्यूंचं काय चाललंय ते ऐकून, नाझींशी लढायला. पुढे लढावं लागलं ब्रह्मदेशात जपान्यांशी, ते सोडा. १६ डिसेंबर १९७१ ला मेजर जनरल जेकब शरणागतीचा मसुदा घेऊन ढाक्याला पाकिस्तानी फौजेच्या जनरल नियाझींसमोर बसले होते. त्या कागदात एक वाक्य आहे, शरण आलेल्यांना जिनिव्हा करारांप्रमाणे सैनिकाला साजेल अशा सन्मानाने वागवलं जाईल. कैदी झाले ९३ हजार, आणि १९७४ पर्यंत ते परत गेले. गोव्यातले कुणी हे वाचत असाल तर तुमचे १९९८-९९ चे राज्यपाल जे. एफ. आर. जेकब, तेच हे.